चित्रांची गती

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापातामुळे निर्माण झालेल्या विवरात आहे. त्या परिसरातील एका शाळेच्या मुलांनी या सरोवरावर तीन मिनिटांचा लघुपट तयार करण्याचे ठरविले. एका मुलीने पाण्यावरून सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या दहा मिनिटे मोबाइलवर टिपल्या. दुसऱ्या चित्रफितीत तिचे आजोबा बोलत होते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा आपण काय पाहिले, हे त्यांनी चार मिनिटे शांतपणे सांगितले होते.

वेळ कमी करणे भाग होते. म्हणून संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिने सावल्यांचा वेग तीसपट केला आणि आजोबांचा दुप्पट. दहा मिनिटांची वीस सेकंदे झाली, चार मिनिटांची दोन. परंतु वर्गात ते काम उघडून दाखविताच सावल्या धक्के खात, अडखळत चालू लागल्या. आजोबांचा आवाज तर चिमणीसारखा चिवचिवू लागला. सारा वर्ग खो खो हसला. मुलीचे डोळे भरून आले. कारण दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः लघुपट पाहण्यास येणार होते.

गुरुजी म्हणाले, ‘‘रडू नकोस, पोरी. दोष कोठे आहे ते आधी शोधू; उपाय मग आपोआप सापडेल.’’

त्यांनी फळ्यावर गणित मांडले. चलच्चित्र म्हणजे एकामागून एक वेगाने दिसणारी स्थिर चित्रे. त्यांतील प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. सेकंदास ३० फ्रेम धरल्या, तर दहा मिनिटांत १८,००० फ्रेम होतात. वीस सेकंदांत मात्र ६०० फ्रेमच मावतात. म्हणजे सॉफ्टवेअर तीस फ्रेमपैकी एक ठेवते आणि उरलेल्या वगळते. दर क्षणी मूळ फितीतून नेमकी फ्रेम शोधून दाखविताना शाळेचा जुना संगणक मागे पडत होता. म्हणून गुरुजींनी सावल्यांची तयार फाइल वेगळी काढून लावली. आता सावल्या अगदी सुरळीत धावू लागल्या! दोष चित्रफितीत नव्हता, संगणकाच्या शक्तीत होता.

आजोबांच्या फितीची तयार फाइलही काढून पाहिली. पण आवाज तसाच चिरका राहिला. याचा अर्थ, हा दोष निराळा होता. ध्वनी दुप्पट वेगाने वाजविला की त्याची कंपने दुप्पट होतात आणि स्वर एक सप्तक वर चढतो. स्वराची उंची कायम ठेवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती. ती वापरताच आवाज आजोबांचा झाला. परंतु बोलण्याची घाई काही गेली नाही.

तेव्हा गुरुजींनी एक गोष्ट सांगितली. दादासाहेब फाळके यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची थोड्याथोड्या अंतराने चित्रे घेतली आणि ती सलग दाखविली. हळूहळू वाढणारे रोप पडद्यावर पाहता पाहता मोठे झाले. याच फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत आणि सेकंदास साधारण १६ चित्रे घेत. पुढे बोलपटांसाठी २४ चित्रांचे प्रमाण रूढ झाले. १६ च्या गतीने घेतलेली फीत २४ च्या गतीने दाखविली, की एका मिनिटाचा प्रसंग ४० सेकंदांत उरकतो. शोकाकुल राजाही लगबगीने चालू लागतो आणि आपण हसतो.

‘‘दोष नटाचा नसतो, गतीचा असतो,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘रोपाला आणि सावलीला जी गती शोभली, ती माणसाच्या बोलण्याला शोभेलच असे नाही. आज आपण आजोबांना हसलो, ते असेच.’’

वर्ग शांत झाला.

मुलीने वेग पुन्हा शंभर टक्क्यांवर आणला. संपादनाने मूळ फितीस धक्का लागत नाही, म्हणून काहीही हरवले नव्हते. मग तिने आजोबांचे बोलणे तीन वेळा लक्षपूर्वक ऐकले आणि लांबलेले विराम व दोनदा आलेली वाक्ये तेवढी कापली. चार मिनिटांची दोन मिनिटे झाली. आजोबांचा एकही शब्द घाईत पडला नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबा पहिल्या बाकावर बसले होते. लघुपट संपल्यावर ते म्हणाले, ‘‘मी असाच बोलतो, नाही का?’’

या वेळी कोणीही हसले नाही.

स्वाध्याय
१. सावल्या कशामुळे अडखळत होत्या? गुरुजींनी ते कसे ओळखले?
२. सेकंदास ३० फ्रेम असलेली चार मिनिटांची फीत दुप्पट वेगाने दाखविली, तर किती फ्रेम वगळाव्या लागतील?
३. ‘दोष नटाचा नसतो, गतीचा असतो’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.