आज पेरलेले उद्या उकरू नका



गेल्या वर्षी जून महिन्यात धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू झाले, तेव्हा आम्ही पहिली-दुसरीच्या मुलांना एक काम दिले होते. प्रत्येकाच्या हातावर भेंडीच्या चार बिया ठेवल्या आणि त्या घरी कुंडीत पेरायला सांगितले. एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. पण आम्ही पुढे जाऊन जाहीर केले की, ज्याचे रोप सर्वांत मोठे त्याला बक्षीस!

दीड महिन्याने देवळाच्या अंगणात कुंड्यांची रांग लागली. एका कुंडीतले रोप चांगले टरारले होते, पण पाने मात्र वांग्याची होती. ज्याची कुंडी तो मुलगा मान खाली घालून उभा होता. त्याला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, "फादर, माझी भेंडी मेली. आई म्हणाली, कोणाला सांगू नकोस."

त्या माऊलीच्या संमतीनेच आम्ही हे लिहीत आहोत. चूक तिची नव्हती. लेकराचा हिरमोड होऊ नये म्हणून तिने रोपवाटिकेतून रोप आणून लावले. चूक आमची होती. देवाने वाढवायच्या गोष्टीची आम्ही शर्यत लावली, आणि सात वर्षांच्या मुलाला एक खोटे सांभाळत दीड महिना काढावा लागला. या वर्षी पुन्हा बिया वाटण्यापूर्वी, त्या कशासाठी वाटायच्या याचा नीट विचार करू या.

बीज काय शिकवते?

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू एक छोटा दाखला सांगतो. माणूस जमिनीत बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. इकडे बी रुजते आणि वाढते. कसे, ते त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. देवाचे राज्य असे आहे, असे प्रभू म्हणतो. या दाखल्यातला शेतकरी आळशी नाही. पेरणी त्यानेच केली आहे आणि कापणीला विळाही तोच घालणार आहे. मधला काळ मात्र त्याच्या हातात नाही. संत पौलही करिंथकरांना हेच समजावतो : लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढ देणारा मात्र परमेश्वर.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल म्हणतो की, बीजामध्ये वृक्ष शक्यतेच्या रूपाने असतो, तो अजून प्रत्यक्षात आलेला नसतो. संत ऑगस्टीननेही सृष्टीचा विचार करताना बीजाचीच उपमा वापरली : पुढे होणाऱ्या गोष्टींची बीजे देवाने आरंभीच सृष्टीत ठेवली. ज्या 'सेमिनरी'त धर्मगुरू घडतात, त्या शब्दाचे लॅटिन मूळही 'सेमिनारियुम' म्हणजे रोपवाटिका असे आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 साली अशा रोपवाटिका काढण्याचे ठरवले. आम्हीही अशाच एका रोपवाटिकेतून आलो, आणि आम्हाला रुजायला किती वर्षे लागली हे आमच्या शिक्षकांनाच विचारावे!

आपली लहान मुले 'केजी'त जातात. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी आपल्या बालशाळेला 1840 साली 'किंडरगार्टन' म्हणजे 'मुलांची बाग' हे नाव दिले. त्यांच्या शाळेत मुलांचे खरोखरच वाफे असत. आज केजीतल्या मुलाला एबीसीडी येते, पण मातीत हात घातला की आपणच ओरडतो, "छी! घाण!" एके काळी आपल्या वसईत हे वेगळे शिकवावे लागत नसे. वाडीत केळी होत्या, मांडवावर वेल होते, बावखलात पाणी होते, आणि आजीच्या मागे फिरता फिरता नातवंडे पेरणी शिकत. आता कित्येक वाड्यांच्या जागी इमारती आल्या, बावखले बुजली आणि नातवंडे तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. वाडी परत आणणे आपल्या हाती नसेल, पण खिडकीत एक कुंडी ठेवता येईल.

काय पेरावे? कसे पेरावे?

1. आधी मूग. काचेच्या ग्लासात आतून ओला कापूस लावावा आणि काच व कापूस यांच्यामध्ये रात्रभर भिजवलेले मूग ठेवावेत. एक-दोन दिवसांत मोड दिसतो. मुलाला विचारा, आधी काय आले, मूळ की पान? आधी मूळ येते. दाणा उलटा ठेवला तरी मूळ वळून खालीच जाते. मातीत जे आपल्याला दिसत नाही, ते मुलाने एकदा डोळ्यांनी पाहिले की कुंडीतल्या अंधारावरही त्याचा विश्वास बसतो.

2. मग मेथी. स्वयंपाकघरातले मेथीदाणे तीन-चार दिवसांत उगवतात आणि महिन्याभरात मूठभर भाजी होते. आपण पेरलेली भाजी मूल ताटात टाकत नाही, असा अनेक आयांचा अनुभव आहे. पावसाचा मारा बसला तर मेथी कुजते, म्हणून कुंडी आडोशाला ठेवावी. तुरीची किंवा मसुराची डाळ पेरून मात्र काही उगवणार नाही, त्यासाठी अख्खा दाणा हवा. हा फरकही मुलांना करून पाहू द्यावा.

3. मग भेंडी आणि झेंडू. भेंडीचे बी रात्रभर भिजवून पेरले की साधारण आठवड्यात उगवते. कुंडी निदान फूटभर खोल असावी. झेंडूचे सुकलेले फूल मुलाच्या हाती द्यावे आणि पाकळ्यांच्या मुळाशी असलेल्या काळ्या काड्यांसारख्या बिया त्यालाच शोधू द्याव्यात.

कोणतेही बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे. फार खोल गेले तर वर येता येता त्याची शिदोरी संपते. कुंडीला तळाशी भोक हवेच. माती आणि चांगले कुजलेले शेणखत एकत्र करावे. मुलांच्या हातून बी मरते ते बहुधा तहानेने नव्हे, तर प्रेमाने! दिवसातून पाच वेळा पाणी घातले जाते आणि बी कुजते. म्हणून मुलाला बोट मातीत खुपसून पाहायला शिकवावे : ओले लागले तर आज पाणी नाही. रोप उंच, बारीक आणि फिकट होऊ लागले, तर त्याला ऊन कमी पडते आहे असे समजावे.

दुकानातल्या पाकिटातील गुलाबी, निळ्या वा हिरव्या रंगाच्या बियांना औषध चोळलेले असते. त्या लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. कण्हेर, धोत्रा, एरंड यांच्या बिया विषारी असतात, त्यांपासून मुलांना दूर ठेवावे. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

रोप मेले तर?

काही रोपे मरणारच. पेरणाऱ्याच्या दाखल्यातही सगळे बी उगवत नाही. अशा वेळी गुपचूप दुसरे रोप लावू नये. मुलाला रडू द्यावे. मग दोघांनी मिळून माती उकरून काय झाले ते पाहावे आणि पुन्हा पेरावे. अपयश लपवायचे नसते, त्याच्याकडे पाहायचे असते आणि पुन्हा सुरुवात करता येते, हे ज्या मुलाला चार भेंडीच्या बियांतून कळले, ते पुढे परीक्षेचा निकाल घेऊन घरी यायला घाबरणार नाही. पापनिवेदनाच्या संस्काराची याहून चांगली पूर्वतयारी आम्हाला तरी ठाऊक नाही.

दुसऱ्या टोकाला उतावळी मुले असतात. आज पेरले की उद्या उकरून पाहतात, परवा पुन्हा उकरतात. कोवळे मूळ तुटते आणि बी मरते. आईवडिलांनो, हे वाचून हसू नका. आपण आपल्या मुलांना असेच रोज उकरत नाही का? "शेजारच्याला किती मार्क पडले? तुझे का नाही?" ग्रेगोर मेंडेल या ऑगस्टिनियन संन्याशाने ब्रनो येथील मठाच्या बागेत 1856 ते 1863 या काळात वाटाण्याची सुमारे 28 हजार रोपे तपासली आणि आनुवंशिकतेचे नियम मांडले. 1884 साली ते वारले, आणि जगाला त्यांच्या कामाचे मोल 1900 साली कळले. देवाच्या बागेत काही बिया उशिरा उगवतात.

या वर्षी काय करायचे?

येत्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रत्येक मुलाला गावठी भेंडीच्या आणि झेंडूच्या बिया मिळतील. आपल्याच धर्मग्रामातील कुटुंबांनी त्या सुकवून दिल्या आहेत. इमारतीत राहणाऱ्या मुलांना कुंडीसाठी माती देवळाच्या मागच्या अंगणातून नेता येईल. ज्या आजी-आजोबांनी वाडी केली आहे, त्यांनी वर्ग सुटल्यावर अर्धा तास थांबून मुलांना हात धरून शिकवावे, अशी विनंती आहे. 8 सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्मदिनी मुलांनी आपापल्या कुंडीतले फूल मातेच्या चरणी वाहावे. ज्याचे रोप जगले नाही त्याने रिकामी कुंडी आणावी. तीही वेदीजवळ ठेवली जाईल, आणि तिच्यात पुन्हा बी पेरूनच ती घरी परत जाईल. बक्षीस कोणालाही नाही.

रोज संध्याकाळी रोझरीनंतर मुलांबरोबर कुंडीजवळ ही छोटी प्रार्थना म्हणावी :

हे परमेश्वरा, बी तू दिलेस, पाणी आम्ही घातले. वाढ तुझ्या हाती आहे. आम्हाला वाट पाहायला शिकव. आमेन.

प्रभूच्या मळ्यातील तुमचे सहकारी,
तुमचे प्रमुख धर्मगुरू