मॉड्यूल हरवलंय, डोकं नाही!

ही गोष्ट आहे माझ्या मिनी प्रोजेक्टच्या आदल्या रात्रीची. आपला गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा, म्हणून मी विषय घेतला होता बांधीतल्या मातीचा ओलावा मोजायचा. सेन्सर आर्डुइनोला जोडलेला, आर्डुइनो यूएसबीने लॅपटॉपला, आणि आकडे वाचायला पायथनचा प्रोग्राम. लॅबमध्ये सगळं छान चाललं. पेन ड्राइव्हमधून होस्टेलच्या लॅपटॉपवर आणलं आणि लाल अक्षरं उमटली: मॉड्यूल नॉट फाउंड एरर, नो मॉड्यूल नेम्ड सीरियल.

मी शाळेपासून कॉन्व्हेंटची. इंग्रजीची कधी भीती वाटली नाही. पण त्या रात्री मी तो मेसेज वाचलाच नाही, फक्त लाल रंग बघून घाबरले! पायथन काढून परत टाकलं, दोनदा. रात्रीचा एक वाजला. विंडोजच फॉर्मॅट करायला निघाले होते, तेवढ्यात देवरीकडची माझी रूममेट उठली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतली, सिव्हिलची. म्हणाली, "काहून रडतेस गं? शेवटची ओळ तर वाच आधी." आणि तिने एकेक शब्द लावत ती मोठ्याने वाचली. 'सीरियल नावाचं मॉड्यूल सापडत नाही म्हणते. मग ते आण ना!'

खरं सांगते, मला लाज वाटली. त्या रात्री आणि नंतर जे शिकले ते इथे देते.

१) पायथन शोधतं कुठे? वॉर्डन मॅडम एखादीला शोधतात तसंच. आधी खोली, मग मेस, मग कॉमन रूम. पायथन साधारणपणे आधी प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये बघतं, मग स्वतःच्या लायब्ररीत, मग बाहेरून आणलेली पॅकेजेस ठेवतात त्या साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये. ही यादी 'सिस डॉट पाथ' छापून बघता येते. यादीत नसलेल्या जागी मॉड्यूल असलं तरी ते 'नाही'च! माझा प्रोग्राम पेन ड्राइव्हमधून आला, पण मॉड्यूल लॅबच्या कॉम्प्युटरवरच राहिलं होतं.

२) घरचं नाव वेगळं, शाळेतलं वेगळं. मी घाईत 'पिप इन्स्टॉल सीरियल' दिलं. इन्स्टॉल झालं, पण एरर बदलली. आता म्हणे सीरियलमध्ये 'सीरियल' नावाचा क्लासच नाही. कारण ते भलतंच पॅकेज होतं! हवं असलेलं पॅकेज 'पायसीरियल' या नावाने मिळतं, इम्पोर्ट मात्र 'सीरियल' असं करायचं. तसंच 'सीव्ही२'साठी 'ओपनसीव्ही-पायथन', 'पीआयएल'साठी 'पिलो', 'एसकेलर्न'साठी 'सायकिट-लर्न'. चुकीचं आधी अनइन्स्टॉल करा, मग बरोबर टाका. आणि अंदाजाने नाव टाकू नका. पायपीआयवर कोणीही पॅकेज ठेवू शकतं, मिळत्याजुळत्या नावाची घातक पॅकेजेस तिथे पूर्वी सापडलेली आहेत.

३) एका घरात दोन पायथन. कमांड प्रॉम्प्टवर चाललेला प्रोग्राम एडिटरमध्ये परत अडला. एडिटर जुनंच पायथन वापरत होता, पिपने सामान ठेवलं नव्यात. 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' छापलं की कोणतं पायथन चालू आहे ते कळतं. त्याच पायथनने 'पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल' असं द्या, म्हणजे सामान योग्य घरी पोचतं. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केलं तर आणखी उत्तम.

४) आपल्या फाइलला मॉड्यूलचं नाव देऊ नका. फाइलचं नाव 'सीरियल डॉट पीवाय' ठेवलंत, तर पायथनला आधी तीच सापडते आणि खरं मॉड्यूल बाजूलाच राहतं.

५) पॅकेजलाही पॅकेज लागतं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी लिहिलेलं 'मायावी' हे त्रिमितीय चित्रांचं पॅकेज घ्या. त्याला व्हीटीके लागतं, खिडकी उघडायला पायक्यूटीसारखं काहीतरी लागतं. म्हणून एररमध्ये कोणाचं नाव आलंय ते नीट बघा. ते तुम्ही इम्पोर्ट केलेलं नसूही शकतं.

आणखी एक. २०१६ च्या डिसेंबरमध्ये पायथन ३.६ आलं, तेव्हापासून या चुकीला हे वेगळं नाव आहे. त्याआधी नुसतं 'इम्पोर्ट एरर' यायचं. म्हणजे भाषा करणाऱ्यांनी आपल्यासाठी मेसेज सोपा केला, आणि आपण तो वाचतही नाही! मराठीतून ऐकत शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत.

पहाटे तीनला स्क्रीनवर ओलाव्याचे आकडे धावू लागले. रूममेट केव्हाच झोपली होती. सकाळी व्हायव्हात सरांनी विचारलं, 'सर्वांत अवघड काय गेलं?' मी म्हटलं, 'सर, शेवटची ओळ वाचणं.' सगळे हसले. मी मात्र खरंच बोलले होते.