बाजारची पिशवी आणि घरचें ताट

पिंपळनेरच्या आठवडे बाजारांत डोंगरपाड्यांवरच्या बाया नागली, उडीद, भाजीपाला घेऊन बसतात. त्यांच्याशीं आपण दोन रुपयांसाठीं घासाघीस करतों. आणि लगेच दुकानांत जाऊन बिस्किटांच्या पुड्यावर छापलेली किंमत मुकाट्यानें देतों. हें न्यायाचें आहे काय, याचा आज विचार करूं.

करिंथ येथील मंडळीपुढेंही बाजाराचाच प्रश्न होता. तेथें विकल्या जाणाऱ्या मांसापैकीं कांहीं मूर्तींस अर्पिलेलें असे. तें घ्यावें कीं नाहीं? पौलानें १ करिंथ, अध्याय ८ व १० यांत दिलेल्या उत्तराचें सार असें कीं, खाण्याची मोकळीक आहे, परंतु तिनें शेजाऱ्याचें नुकसान होत असेल तर ती आवरावी. पांझरेच्या कांठच्या जुन्या फड पद्धतींतही हीच दृष्टि दिसते. एकेका शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत असे. म्हणून पाणी कमी पडलें म्हणजे तोटा एकावरच न पडतां सर्वांत वांटला जाई. बाजारांत जातांना या दृष्टीनें तीन प्रश्न विचारावे.

पहिला: या भावांत विकणाऱ्याचें पोट भरेल काय? डोंगरउतारावरील नागलीचें बहुतेक काम हातानेंच होतें. बाजार मोडण्याच्या वेळीं माल परत नेणें परवडत नाहीं, म्हणून बाई पडेल त्या भावानें देते. तिची अडचण हेरून भाव पाडणें म्हणजे तिच्या लेकरांची भाकर मोडून घेणें होय. मात्र ज्याच्या हातीं केवळ आजची मजुरी आहे, त्यानें स्वस्त तें घेतलें तर त्यास कोणी दोष देऊं नये. हा बोल ऐपत असणारांस आहे.

दुसरा: माप खरें आहे काय? २००९ च्या वैधमापन कायद्याखालीं दुकानाच्या काट्यावर पडताळणीचा शिक्का लागतो, आणि पुड्यावरील छापील किंमतीहून अधिक घेतां येत नाहीं. हें विचारण्यास लाजूं नये. परंतु आपणही विकणारे आहों. दुधांत पाणी घालणें, धान्यांत खडे ठेवणें, टोपलींत वर चांगलीं वांगीं व खालीं किडकीं मांडणें, हेंही खोटें मापच.

तिसरा: घरच्या लेकरांच्या ताटांत काय येतें? १०० ग्रॅम नागलींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, सडलेल्या पांढऱ्या तांदुळांत १० च्या आसपास. असें असतां पुष्कळ घरीं नागली विकून बिस्किटें आणतात! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांस माणशीं दरमहा ५ किलो धान्य ठरविलें, व जानेवारी २०२३ पासून तें मोफत आहे. तें अवश्य घ्यावें. परंतु व्यापाऱ्यास विकूं नये, कारण त्यांत लेकरांचा वांटा आहे. त्याच्या जोडीस नागली किंवा ज्वारीची भाकर, उडदाची आमटी व पालेभाजी असली, तर गरिबाचें ताटही सकस होतें.

शिक्षकांनीं सभेस विचारावें: गेल्या बाजारीं आपण कोणाशीं घासाघीस केली, व कोणाशीं केली नाहीं? घरचें कोणतें धान्य विकलें, आणि त्या पैशांनीं काय आणलें? उत्तर मोठ्यानें देण्याची गरज नाहीं. पुढच्या बाजारीं पिशवी घेऊन निघतांना तें आठवलें, म्हणजे धडा कळला.