एक नंबर, चार फोन

मुंबईच्या दक्षिण टोकाजवळ कफ परेड आहे. तेथे उंच उंच इमारती आहेत. त्या इमारतींच्या पायथ्याशी, समुद्राला लागून, मच्छीमार नगर आहे. ही कोळी लोकांची वस्ती. येथले पुरुष होड्या घेऊन समुद्रात जातात. बाया मासळी विकतात. जवळच कुलाब्याला ससून डॉक आहे. १८७५ सालची ही गोदी आजही पहाटे मासळीने आणि माणसांनी भरून जाते.

या वस्तीत आमची लहानशी कचेरी आहे. होड्यांचे कागद, डिझेलचा हिशेब, हवामानाची खबर, अशी कामे येथे चालतात. कचेरीत आम्ही चौघे आहोत. पण लोकांना ठाऊक असलेला नंबर एकच.

एरवी फोन थोडे येतात. पण आभाळ भरून आले, वारा सुटला, की सगळेच एकदम फोन करतात. कुणी विचारते, "वादळ येणार का हो?" कुणी विचारते, "आमची होडी परतली का?" कुणाला बर्फाचा भाव हवा असतो. अशा वेळी कुणाशी आधी बोलायचे? हे आम्हांला एका चुकीने शिकवले. ती चूक आज तुम्हांला सांगतो.

नवा फोन कसा चालतो?

मुंबईत टेलिफोन एक्सचेंज १८८२ साली सुरू झाले. तेव्हापासून पुष्कळ वर्षे एका तारेवर एकच बोलणे चाले. एक जण बोलत असला की दुसऱ्याला 'टूं टूं' ऐकू येई. लाइन एंगेज! मग त्याने पुन्हा पुन्हा नंबर फिरवायचा.

आता आमच्या कचेरीत इंटरनेटवर चालणारा फोन आहे. यात आवाजाचे बारीक तुकडे होतात. पत्रावर पत्ता असतो, तसा प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. टपालाच्या एका थैलीतून अनेकांची पत्रे जातात ना? तशी एकाच तारेतून अनेकांची बोलणी जातात. म्हणून एकाच नंबरावर एका वेळी अनेक फोन येऊ शकतात.

पण याला मर्यादा आहे. कंपनीकडून जेवढ्या लाइनी घ्याव्या, तेवढेच फोन आत येतात. चार घेतल्या तर पाचव्याला एंगेजच मिळते. इंटरनेट मंद झाले तर आवाजही तुटतो.

आमची चूक

एके दिवशी दुपारी वारा सुटला. टेबलावरचे फोन वाजू लागले. आमच्यापैकी दोघे बाहेर गेले होते. दोघे तीन फोन सांभाळत होतो. इतक्यात चौथा वाजला. आमच्यातल्या एकीने तो उचलला. "जरा थांबा हं," एवढेच म्हणाली आणि होल्डचे बटण दाबले. पलीकडे गाणे सुरू झाले.

तिने मागचे बोलणे संपवले. तो बर्फाच्या भावाचा फोन होता. मग चौथा फोन घेतला, तर तो कट झालेला. त्या नंबरावर उलट फोन केला. लागेना.

चौथा फोन एका तांडेलाचा होता. त्याच्या होडीचे इंजिन बंद पडले होते. होडी खडकांकडे वाहत चालली होती. दैव चांगले, म्हणून दुसऱ्या होडीने त्यांना पाहिले. दोर टाकला आणि किनाऱ्याला ओढून आणले.

संध्याकाळी तांडेल कचेरीत आला. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाला, "ताई, तुमचं गाणं चांगलं होतं. पण ते ऐकता ऐकता माझ्या फोनाची बॅटरी संपली."

आम्ही माना खाली घातल्या. बर्फाचा भाव आधी आणि चार माणसांचे जीव मागे! यंत्राने त्याचे काम बरोबर केले होते. चूक आमची होती.

मग आम्ही काय बदलले?

पहिली गोष्ट. विचारल्याशिवाय कुणाला थांबवायचे नाही. फोन उचलला की म्हणायचे, "नमस्कार. कोण बोलता? कुठून? कुणाच्या जिवाला धोका आहे का?" याला पाच-सहा सेकंद लागतात. धोका असेल तर हातातले दुसरे बोलणे थांबवायचे. धोका नसेल तर म्हणायचे, "दादा, दुसरा फोन चालू आहे. एक मिनिट थांबाल का?" मिनिट झाले की परत त्यांच्याशी बोलायचे. माणसाला विसरून जायचे नाही.

दुसरी गोष्ट. पूर्वी फोन एकाच टेबलावर वाजे. आता चारही टेबलांवर एकदम वाजतो. जो मोकळा असेल तो उचलतो. सगळेच गुंतले असले तर यंत्र फोन रांगेत ठेवते.

तिसरी गोष्ट. रांगेतल्या माणसाला यंत्र आधी एक वाक्य ऐकवते: "समुद्रात अडचण असेल तर एक दाबा." एक दाबले की तो फोन रांगेत पुढे येतो. बाकीच्या सूचना त्यानंतर.

चौथी गोष्ट. फोन दुसऱ्या माणसाकडे द्यायचा असेल तर आधी त्याला सगळे सांगायचे, मग फोन द्यायचा. घाबरलेल्या माणसाला तीच हकिगत तीनदा सांगायला लावू नये.

पाचवी गोष्ट. फोनाशेजारी वही ठेवली आहे. वेळ, नाव, होडीचा नंबर, काम, हे त्यात लिहितो. कट झालेल्या फोनांची यादी यंत्रात असते. ती बघून प्रत्येकाला उलट फोन करतो. काम झाले की वहीत खूण करतो. लिहिता येणाऱ्या माणसाचा येथे मोठा उपयोग होतो.

सहावी गोष्ट. जुन्या तारेच्या फोनाला वीज एक्सचेंजमधून येई. इंटरनेटच्या फोनाला वीज आपल्या घरची लागते. वादळात वीज गेली की फोन मुका! म्हणून फोन आणि इंटरनेटची पेटी, दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवली. इंटरनेटच बंद पडले तर फोन मोबाइलवर जावा, अशी सोय केली.

खबर देणारा फोन

प्रत्येक फोन मदत मागणारा नसतो. काही खबर देणारे असतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी याच किनाऱ्यावर रबरी होडीतून उतरले. येथल्या लोकांनी त्यांना पाहिले होते. किनाऱ्यावरच्या माणसाचे डोळे किती मोलाचे, हे तेव्हा साऱ्या देशाला कळले. म्हणून अनोळखी होडीची खबरही आम्ही आधी ऐकतो आणि पोलिसांना कळवतो.

लक्षात ठेवा

समुद्रात संकट आले तर आमच्यासारख्या कचेरीची वाट पाहू नका. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे. पोलिसांसाठी ११२ लावा. मोबाइल किनाऱ्यापासून थोड्या अंतरापर्यंतच चालतो. खोल समुद्रात बिनतारी संच हवा. संकटाची हाक त्याच्या १६ नंबरच्या चॅनेलवर देतात.

तुमच्या गावी समुद्र नसेल. पण दूध सोसायटी असेल, दवाखाना असेल, ग्रामपंचायत असेल. तेथेही एका वेळी चार फोन येतात. आलेल्यांची रांग यंत्र लावते. पण रांगेत कोण बुडतो आहे, ते माणसालाच विचारावे लागते.

शब्दांचे अर्थ

तांडेल – होडी चालवणारा मुख्य माणूस
होल्ड – फोन न तोडता थांबवून ठेवणे
एंगेज – लाइन गुंतलेली असणे

प्रश्न

१. तांडेलाचा फोन का कट झाला?
२. फोन थांबवण्याआधी कोणते तीन प्रश्न विचारावे?
३. वीज गेल्यावर इंटरनेटचा फोन का बंद पडतो?
४. तुमच्या घरी एक वही करा. आज आलेल्या फोनांची वेळ, नाव आणि काम तिच्यात लिहा.