परदेशी पाहुण्यांसाठी कोकण किनाऱ्याची सहल : आखणीचा एक पाठ

मुंबईच्या विमानतळावर उतरलेला परदेशी प्रवासी नकाशावर गोव्याचे अंतर पाहतो, तेव्हा ते त्याला एका दिवसाचे वाटते. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ ने गेल्यास ते तसे म्हणता येईलही. परंतु हा महामार्ग पनवेल, महाड, चिपळूण, कुडाळ अशा गावांवरून, समुद्रापासून बराच आतून जातो. त्या वाटेने जाणारा पाहुणा कोकणातून जातो; कोकणचा किनारा मात्र त्याला क्वचितच दिसतो. किनारा पाहावयाचा तर गावागावांना जोडणाऱ्या सागरी मार्गानेच गेले पाहिजे, आणि त्या मार्गाचे वेळापत्रक समुद्र ठरवितो. प्रथमच येणाऱ्या पाहुण्याच्या सहलीची आखणी करणाऱ्याने ही एक गोष्ट आधी ध्यानी घ्यावयास हवी.

खाड्यांचा हिशेब

सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्रास मिळताना रुंद खाड्या निर्माण करतात. जेथे खाडीवर पूल नाही तेथे मोटारीसह फेरीबोटीने पलीकडे जावे लागते. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, धोपावे-दाभोळ आणि तवसाळ-जयगड ही अशी प्रमुख ठिकाणे होत. वळसा घालून जाण्यात काही तास मोडतात, तर फेरीबोटीने तेच अंतर काही मिनिटांत कापले जाते. म्हणून शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवावी. डोंगरउतारावरील वळणे, गावांतील अरुंद रस्ते आणि खाडीकाठची प्रतीक्षा जमेस धरता दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरांहून अधिक मजल आखू नये. परदेशी पाहुण्याने स्वतः मोटार चालविण्याचा आग्रह धरण्यापेक्षा वाटेची माहिती असलेला स्थानिक चालक सोबत घेणे अधिक श्रेयस्कर.

ऋतू आणि भरती-ओहोटी

जून ते सप्टेंबर या काळात समुद्र खवळलेला असतो. जंजिरा व सिंधुदुर्ग या जलदुर्गांकडे जाणाऱ्या होड्या त्या दिवसांत बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. समुद्री कासवांची पिल्ले पाहावयाची असल्यास मात्र फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंतचे दिवस निवडावेत.

भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत किनाऱ्यावर सर्वश्रुत आहे. तिथीच्या अंकास तीनने गुणून चारने भागावे. येणाऱ्या तासाला पूर्ण भरती असते. चतुर्थीला हा हिशेब तीन वाजता येतो. म्हणजे ओहोटी सुमारे नऊ वाजता. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्याचेच हे सोपे गणित. ते ढोबळ आहे; नेमक्या वेळेसाठी अधिकृत भरती-ओहोटी तक्ता पाहावा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्गही ओहोटीलाच सुरक्षित असतो. पाण्याबाहेर पडण्याची वेळ ज्याने विचारून घेतली नाही, त्याची सहल क्षणात दुःखान्त होऊ शकते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ही घटना विसरण्याजोगी नाही. ज्यांना आपल्या समुद्राची मुळीच ओळख नाही अशा पाहुण्यांच्या बाबतीत ही जबाबदारी दुप्पट होते.

आठ दिवसांची आखणी

पहिल्या दिवशी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह रो-रो बोटीने मांडवा गाठावे आणि अलिबाग, रेवदंडा करीत मुरूडला मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीहून जंजिरा पाहून दिवेआगर, श्रीवर्धनमार्गे हरिहरेश्वर गाठावे. तिसऱ्या दिवशी खाडी ओलांडून वेळास गावी जावे. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव आज कासवांच्या संवर्धनासाठी प्रसिद्ध आहे. तेथून पुढे हर्णै येथे मासळीचा लिलाव आणि समोर समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग पाहावा. चौथा दिवस दाभोळ आणि जयगडच्या खाड्या ओलांडून गणपतीपुळ्यास पोहोचण्याचा. पाचवा दिवस रत्नागिरीस द्यावा. १८८५ च्या युद्धानंतर ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी येथे स्थानबद्ध केले व १९१६ मध्ये तो येथेच निवर्तला. त्याचा राजवाडा परदेशी पाहुण्यास आपल्या इतिहासाशी जोडून देतो. सहाव्या दिवशी विजयदुर्ग, आणि सातव्या व आठव्या दिवशी मालवण येथे राहून सिंधुदुर्ग पाहावा. परतीच्या विमानासाठी गोव्याचा मोपा विमानतळ सोयीचा आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत समाविष्ट केलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चार या किनाऱ्यावरील आहेत. त्यामुळे परदेशी पाहुण्यांची पावले यापुढे इकडे अधिक वळतील, हे उघड आहे.

मुक्काम आणि आतिथ्य

कोकणातील घरगुती मुक्काम हे या सहलीचे खरे वैभव होय. सोलकढी, घावने, उकडीचे मोदक आणि ताज्या मासळीचे जेवण यांचा आस्वाद परदेशी पाहुणे आनंदाने घेतात. तिखट किती चालेल, एवढे मात्र आधी विचारावे. पिण्याचे शुद्ध पाणी, स्वच्छ शौचालय आणि डासांपासून बचाव या तीन गोष्टींत उणीव राहू नये. घरी परदेशी व्यक्ती उतरल्यास तिची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन नोंदविणे यजमानास बंधनकारक आहे, याची जाणीव ग्रामपंचायतीने प्रत्येक निवासचालकास करून द्यावी. उपग्रह दूरध्वनी परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही, हे पाहुण्याला त्याच्या देशातून निघण्यापूर्वीच कळलेले बरे. परदेशी बँक कार्ड खेड्यांत सर्वत्र चालत नाही. रोख रक्कम जवळ असावी.

गावाचा वाटा

सहल आखणारा मुंबईत बसलेला असला, तरी ती पार पाडतो तो गाव. किनाऱ्यावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मराठीत व इंग्रजीत लिहिलेला फलक असावा आणि धोक्याच्या जागी चित्ररूप सूचना असाव्यात. गर्दीच्या दिवसांत जीवरक्षक असावा आणि ११२ हा संकटकालीन क्रमांक ठळकपणे लिहिलेला असावा. यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. शाळेतील मुलांनी रोज तिथीवरून भरतीची वेळ काढून फलकावर लिहिली आणि शिक्षकांनी ती तक्त्याशी ताडून पाहिली, तर भूगोलाचा एक जिवंत धडाच त्यांना मिळेल. त्याच फलकावरून एखादा अनोळखी पाहुणा वेळीच पाण्याबाहेर येईल, आणि पुढच्या खेपेस तो आपल्या कुटुंबासह परतून येईल.