वसुली बायकांची, व्याजही बायकांनाच?

प्रश्न : फायनान्सवाले हप्ता गोळा करणं, थकलेलीला समजावणं आमच्याकडूनच करून घेतात. तरी व्याज बँकेच्या गटकर्जापेक्षा जास्त का? – एक वाचक, ता. परतूर, जि. जालना

उत्तर : ताई, रोख मोजणं गावोगाव फिरूनच होतं. 30 हजारांच्या कर्जाला 3 लाखांच्या कर्जाइतकाच खेटा पडतो, म्हणून लहान कर्ज महाग. पण तुमच्या बैठकांनी आणि एकमेकींच्या जामिनाने कंपनीचा वसुलीखर्च, बुडिताचा धोका उतरतो. ही बिनपगारी नोकरीच! बचत गटात निदान अंतर्गत कर्जाचं व्याज गटाकडेच राहतं. शिवाय ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या पात्र महिला गटांना 3 लाखांपर्यंतचं बँककर्ज 7 टक्क्यांनी मिळतं.

फायनान्सवाल्यांचं ‘फक्त 10 टक्के’ ऐकून भुलू नका. वर्षभर मूळ रकमेवरच आकारलेले सपाट 10 टक्के, मासिक हप्ते धरता, घटत्या शिल्लकीवर सुमारे 18 पडतात. रिझर्व्ह बँकेच्या 2022च्या नियमांनुसार प्रक्रिया शुल्क, विमा धरून वार्षिक दराचा तक्ता देणं बंधनकारक आहे. मुदतीआधीच्या फेडीला दंड नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तो तक्ता मराठीत मागा, मगच सही करा.