वनभोजन आणि छोटी गॅस शेगडी : परिसर अभ्यासाचा एक पाठ



आपल्या पांढरकवडा भागात हिवाळा आला की शाळाशाळांत वनभोजनाचे वारे वाहू लागतात. पूर्वी शेतात गोवऱ्या पेटवून रोडगे अन् वांग्याची भाजी व्हायची. आता बहुतेक जण 5 किलोची टाकी आणि तिच्यावरच बसणारी शेगडी नेतात. सोय झाली, पण मुले जवळपास असतात, म्हणून चार गोष्टी आपल्याला माहीत हव्यातच.

जागा : टिपेश्वर अभयारण्य आपल्या जवळच आहे. तिथे सागाचा वाळला पाला ठिणगीने पेटतो. म्हणून जंगलात चूल नको, शेगडीही नको. मोकळे, सपाट शेत निवडा.

टाकी : एजन्सीची सीलबंद टाकीच घ्या. घरच्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून घेणे बेकायदेशीर आहे आणि जिवावर बेतू शकते.

गळती : एलपीजी म्हणजे प्रोपेन व ब्युटेनचे मिश्रण. त्याला स्वतःचा वास नसतो. कळावे म्हणून वासाचे रसायन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे खड्ड्यात, तंबूच्या तळाशी साचतो. जोडावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर शेगडी पेटवू नका. काडी लावून तपासणे तर कधीच नको! मदतीसाठी 1906 हा क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्या.

पेटवताना : तंबूत कधीच नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वासही नसतो. वारा अडवायचा तर एकाच बाजूने अडवा, टाकीला चहूकडून वेढू नका. फार मोठे गंज ठेवू नका. शेगडी कलंडते आणि खाली टाकीही तापते. पन्नास मुलांची खिचडी असेल तर ती या शेगडीवर करूच नका. त्यासाठी जमिनीवरची मोठी शेगडी आणि वेगळी टाकी लागते.

आता अभ्यास. शेगडी बराच वेळ चालली की टाकी बाहेरून गार लागते, कधी दवही धरते. मुलांना विचारा, "आग वर, मग टाकी गार का?" आत द्रवाचा वायू होताना तो उष्णता घेतो. माठातले पाणी गार होते तेही बाष्पीभवनानेच. हे उत्तर मुलांनाच शोधू द्या.

मुलांना शेगडीपासून चार पावले लांब, आखलेल्या रेषेबाहेर बसवा. भाजी निवडणे, सांबार तोडणे त्यांचे. शेगडी मात्र मोठ्यांचीच.

पालकहो, सहलीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी "स्वयंपाक कशावर होणार?" हे गुरुजींना, मॅडमला जरूर विचारा. आम्हाला राग येणार नाही.